गाडी गेली, नाव राहिले



गेल्या रविवारी कामशेतहून एक ताई आमच्याकडे आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत पतीच्या मोटारसायकलचे आर. सी. बुक, मृत्यूचा दाखला आणि स्टँप पेपरवर टाईप केलेला एक कागद. ताई म्हणाल्या, "भाऊ, गिऱ्हाईक उद्या पैसे घेऊन येतंय. ते म्हणतंय, ह्यांच्या जुन्या सहीसारखी सही तुम्हीच करून टाका, आर.टी.ओ.त कोण बघतंय? करू का?"

आम्ही म्हटले, "ताई, आधी चहा घ्या. आणि सही मुळीच करू नका."

त्या दिवशी ताईंना जे सांगितले, तेच आज सर्वांसाठी लिहीत आहोत. आपल्या वस्त्यांतून जुनी मोटारसायकल, स्कूटर, रिक्षा, टेम्पो यांची खरेदी-विक्री नेहमीच चालते. दुकानदार नाही, दलाल नाही; ओळखीतला माणूस ओळखीतल्या माणसाला गाडी देतो. चावी दिली, पैसे मोजले, पेढा खाल्ला की व्यवहार संपला असे आपण समजतो. पण तो संपत नाही. तो कसा संपवायचा हे सांगण्याचा अधिकार आम्हांला शहाणपणामुळे मिळालेला नाही, ठेच लागल्यामुळे मिळाला आहे. म्हणून आधी आमची फजिती सांगतो.

आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झालेले. दुसऱ्याच्या फाईलमध्ये एक पावती कमी असली तर फाईल परत पाठविणारे. पण २०१४ साली आमची जुनी मोटारसायकल विकायला काढली तेव्हा हे सारे शिक्षण खुंटीला टांगले. गिऱ्हाईक वस्तीतलाच मुलगा. तळेगावच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामावर. त्याच्या वडिलांबरोबर आम्ही जयंतीच्या वर्गणीसाठी दारोदार हिंडलेलो. अठरा हजारांना सौदा ठरला. पंधरा रोख, तीन पुढच्या पगारावर. नाव बदलण्याच्या कागदांचा संच, ज्याला सगळे टी.टी.ओ.चा सेट म्हणतात, त्यावर आम्ही सह्या केल्या. घेणाऱ्याचे नाव कोरे. तारीख कोरी.

आमच्या घरी म्हणाल्या, "त्याच्याबरोबर जाऊन एकदाचं नाव बदलून या ना." आम्ही म्हटले, "पोरगं घरचं आहे. त्याच्याशी वकिलासारखं कसं वागायचं?" तो मुलगाही म्हणाला, "दादा, मी काय पळून चाललोय का? पुढच्या सुट्टीला करून घेतो."

खरे सांगायचे तर दुसरेही कारण होते. आमच्या मावळ तालुक्याच्या गाड्यांची नोंद पिंपरी-चिंचवडच्या आर.टी.ओ.ला, एम.एच. १४ ला. लोणावळ्याहून लोकलने आकुर्डी-चिंचवड गाठायचे, पुढे बस नाहीतर रिक्षा. काम एका फेरीत होईलच असे नाही. आमची एक रजा जाणार, त्याचा एक दिवसाचा रोज बुडणार. तेवढे वाचवायला आम्ही दोघांनीही ते काम ढकलले.

तीन हजार आले नाहीत. ती गोष्ट सोडा. सहा महिन्यांत त्या मुलाने गाडी दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. आमच्या कोऱ्या सह्यांचा सेट गाडीबरोबर हातोहात फिरत राहिला. कोणीच तो आर.टी.ओ.त दाखल केला नाही. २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या नावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. बांधकामावर बिगारी काम करणारी एक बाई सकाळी रस्त्याच्या कडेने चालली होती. आमच्या त्या जुन्या गाडीने तिला मागून उडवले. खुब्याचे हाड मोडले. गाडीचा विमा दोन वर्षांपूर्वीच संपलेला. चालविणारा मुलगा खोली सोडून कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही. सरकारी दप्तरात मालक म्हणून एकच नाव उभे होते, ते आमचे.

आम्ही चिडलो. गाडी विकून चार वर्षे झाली, आमचा काय संबंध? ज्याने धडक दिली त्याला धरा! मग एके दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात ती बाई दिसली. कुबडीवर टेकून भिंतीला लागून उभी होती. जवळ तिची सासू. सासू आम्हांला म्हणाली, "साहेब, गाडी कुणाची ते आम्हांला कळंना. कागदावर तुमचं नाव निघालं, म्हणून तुमचं घातलं."

त्या एका वाक्याने आमचा राग उतरला. रोजंदारीवर जगणाऱ्या त्या बाईने गाडीच्या मागे कुठे कुठे फिरायचे होते? पहिल्याने कोणाला विकली, दुसऱ्याने कोणाला दिली, याचा शोध तिने मोडक्या पायाने घ्यायचा? कागद पुरा करण्याचे काम आमचे होते. तो न करण्याचा भुर्दंड तिने का सोसावा? शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. पतपेढीचे कर्ज काढून आम्ही रक्कम भरली. हप्ते तीन वर्षे चालले. एका दिवसाची रजा वाचविण्याची ती किंमत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम २ च्या पोटकलम ३० मध्ये 'मालक' म्हणजे कोण हे सांगितले आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो नव्हे. अपवाद थोडे. नोंद अज्ञान मुलाच्या नावावर असेल तर त्याचा पालक, आणि हप्त्याच्या करारावरची गाडी असेल तर करारानुसार जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती. त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यात नोंदीला असे निर्णायक स्थान दिलेले नव्हते. चावी आणि स्टँप पेपरवर व्यवहार पुरा समजण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय त्या काळातली. कायदा बदलला, सवय तशीच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हा मुद्दा स्वच्छ केला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. खानविलकर आणि न्या. चंद्रचूड यांचे ते खंडपीठ. त्या खटल्यातील गाडी २००७ साली विकली गेली, पुढे आणखी हातांतून फिरली, आणि २००९ साली तिच्याखाली सापडून एक जण मरण पावला, एक महिला जखमी झाली. विमा नव्हता. उच्च न्यायालयाने शेवटच्या ताबेदाराला जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि दप्तरी ज्याचे नाव होते त्या पहिल्या मालकालाच भरपाई द्यायला लावली. कारण तेच, जे त्या सासूने आम्हांला सांगितले: अपघातात सापडलेल्या माणसाला विक्रीच्या साखळीतून एकेक कडी शोधत हिंडायला लावू नये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक निकाल आला. त्यात तर विक्रीनंतर महिनाही उलटला नव्हता. नाव बदलण्याची मुदत अजून शिल्लक होती. तरीही अपघाताच्या दिवशी नाव ज्याचे, मालक तोच, असे न्यायालयाने ठरवले.

मग स्टँप पेपरवरच्या कराराला आणि नोटरीच्या शिक्क्याला काही अर्थ नाही काय? आहे. तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या आपसातल्या भांडणात तो पुरावा आहे. नुकसान भरावे लागले तर पुढे गिऱ्हाइकाकडून वसूल करण्यासाठी तो दाखवता येईल. पण तिसऱ्या माणसापुढे, पोलिसांपुढे, न्यायाधिकरणापुढे आर.टी.ओ.चे दप्तर बोलते.

ही गोष्ट केवळ अपघाताची नाही. आता रस्तोरस्ती कॅमेरे लागले आहेत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर किती गाड्या उलटसुलट धावतात ते आपण पाहतोच. कॅमेऱ्याला माणूस ओळखता येत नाही, नंबर ओळखता येतो. ई-चलन त्या नंबराच्या मालकाच्या मोबाईलवर येते. विकलेली गाडी दारू वाहून नेताना सापडली, चोरीत वापरली गेली, तर पोलीस पहिल्यांदा येणार ते तुमच्याच दारी. घेणाऱ्याने अज्ञान मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. पुन्हा तोच शब्द, मालक.

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

विकण्याआधी घर साफ करा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर हप्ते फिटले म्हणजे झाले असे नाही. आर. सी. बुकावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असतो. कंपनीकडून नाहरकत पत्र व सही-शिक्क्याचा नमुना ३५ घेऊन तो उतरवावा लागतो. थकलेली चलने भरून टाका. विमा आणि पी.यू.सी. चालू ठेवा. नोंदणीला पंधरा वर्षे होऊन गेली असतील तर आधी नूतनीकरण करा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची झाली आहे, तीही बसवून घ्या. नाहीतर काम मध्येच अडते.

नमुना २९ हा विकणाऱ्याचा, नमुना ३० हा घेणाऱ्याचा. नमुना २९ म्हणजे 'मी ही गाडी अमुक माणसाला अमुक तारखेला दिली' अशी तुम्ही सरकारला दिलेली खबर. गाडी राज्यातल्या राज्यात राहणार असेल तर ही खबर चौदा दिवसांत द्यायची आणि तिची प्रत घेणाऱ्याला द्यायची. घेणाऱ्याने नमुना ३० भरून तीस दिवसांत आपल्या राहत्या भागातल्या आर.टी.ओ.कडे अर्ज करायचा. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर नमुना २८ चे नाहरकत प्रमाणपत्र लागते, आणि खबर देण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची. घाट उतरून खोपोली-कर्जतकडे गाडी गेली तरी जिल्हा बदलतो, कार्यालय बदलते. तेव्हा अर्ज कोठे करायचा हे सौदा ठरण्यापूर्वीच विचारून घ्या.

कोऱ्या फॉर्मवर सही नको. घेणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, तारीख तुमच्या डोळ्यांदेखत भरली गेली पाहिजे. चेसिस नंबराचा पेन्सिलने काढलेला ठसाही आर. सी. बुकाशी ताडून पाहा. एजंट म्हणेल, "तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं मी बघतो." एजंटाची मदत घ्यायला हरकत नाही, सगळ्यांनाच रोज बुडवून रांगेत उभे राहणे परवडत नाही. पण सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती हे आधी वेगळे विचारा आणि सरकारी पावती मागून घ्या. आता पुष्कळसे काम परिवहन खात्याच्या संगणकीय 'वाहन' प्रणालीवर होते. मोबाईलवर ओ.टी.पी. येतो. म्हणून आर. सी. बुकाला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, हे पाहा. ओ.टी.पी. कोणत्या कामाचा आहे हे विचारल्याशिवाय तो कोणालाही सांगू नका. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना शेजारी बसवा.

गाडी देताना ताबापावती करा. साध्या कागदावर चालेल. गाडीचा व इंजिनचा नंबर, रक्कम, दिवस आणि वेळसुद्धा लिहा. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. वेळ यासाठी, की सकाळी अकराला दिलेली गाडी दुपारी तीनला चलनात सापडू शकते. आर. सी. बुक, नमुना २९, घेणाऱ्याचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती आपल्या फाईलमध्ये ठेवा. चारचाकी असेल तर फास्टॅग बंद करून घ्या, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील.

विम्याचे वेगळे. विमा चालू असेल तर तिसऱ्या माणसाच्या नुकसानीपुरते त्याचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जाते. पण घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करायची असते. ती केली नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, चोरीचा दावा अडतो. आणि विकणाऱ्यासाठी एक फायद्याची गोष्ट: दावा न केल्याबद्दल विम्यात जी सवलत साठते ती गाडीची नसते, माणसाची असते. कंपनीकडून तसे पत्र घेतले तर नव्या गाडीच्या विम्यात ती वापरता येते.

रिक्षा-टेम्पोवाल्या बंधूंनी लक्षात ठेवावे की परमिट हे गाडीबरोबर आपोआप जात नाही. त्याच्या बदलाची परवानगी वेगळी लागते. आणि गाडी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे आर.टी.ओ.चे प्राधिकारपत्र आहे का ते विचारा. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर नमुना २९-सी मध्ये देता येते.

सगळे झाल्यावरही काम पुरे झाले असे समजू नका. महिन्याभराने परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या जागी तुमचे नाव गेले की नाही ते तपासा. नाव बदलले त्या दिवशी गाडी विकली गेली. त्याआधी ती फक्त दिली गेली होती.

आता कामशेतच्या ताईंकडे वळू. मृत माणसाची सही करणे हा बनावट दस्ताचा गुन्हा आहे. गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळे होईल, अडकतील त्या ताई. कायद्याने वारसासाठी स्वतंत्र वाट ठेवली आहे. मृत्यूनंतर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवले तर वारसाला तीन महिने ती गाडी वापरता येते आणि त्याच मुदतीत नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करायची असते. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांची संमती एवढे लागते. ताईंना पाच महिने होऊन गेले आहेत. बिघडले नाही, उशिराचा आकार भरावा लागेल, पण वाट बंद झालेली नाही. आधी गाडी ताईंच्या नावावर, मग ताईंच्या स्वतःच्या सहीने विक्री. गिऱ्हाईक थांबायला तयार नसेल तर दुसरे मिळेल. दुःखात असलेल्या बाईला घाई करणारे गिऱ्हाईक तसेही बरे नव्हे.

२०२१ च्या दुरुस्तीपासून आर. सी. बुकावर वारस म्हणून नाव सुचवण्याची सोय झाली आहे. घरातल्या कर्त्या माणसाने ते नाव आजच नोंदवावे. त्याने पुढे घरच्यांचे हेलपाटे वाचतात.

ज्यांनी आमच्यासारखी चूक आधीच केली आहे त्यांनीही हातपाय गाळू नयेत. गाडीचा नंबर ॲपवर टाकून नाव कोणाचे आणि विमा चालू आहे का ते आज संध्याकाळी पाहा. ज्याला विकली त्याच्या घरी गोडीने जा. "तुझ्याबरोबर मी येतो, रोज बुडला तर अर्धा मी देतो," असे म्हणा. तो सापडतच नसेल तर असतील त्या कागदांच्या प्रती जोडून आर.टी.ओ.ला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या. एवढ्याने जबाबदारी सुटते असे नाही. पण गप्प बसलेल्या माणसापेक्षा लिहून कळविलेल्या माणसाची बाजू केव्हाही बळकट असते.

आमच्या मावळातली एक जुनी नोंद येथे सांगावीशी वाटते. कार्ल्याच्या लेण्यात एक शिलालेख आहे. नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव तेथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिले. पुढे राज्य बदलले, सातवाहन आले. तेव्हा मामाळच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला राजाची आज्ञा गेली आणि ते गाव भिक्षूंच्या नावे पुन्हा नोंदवले गेले. तीही आज्ञा दगडात कोरली. भिक्षू तेच, गाव तेच, पण मागच्या राजवटीच्या शब्दावर कोणी विसंबून राहिले नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात लोकांना जे कळत होते, ते बी. कॉम. झालेल्या आम्हांला २०१४ साली कळले नाही!

आपल्या माणसाकडे कागद मागायला आपल्याला लाज वाटते. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे तो म्हणेल, ही भीती वाटते. आमच्या अनुभवाने सांगतो, कागद हा अविश्वास नव्हे. त्या मुलाच्या वडिलांशी आमचे बोलणे त्या नोटिशीनंतर जे थांबले ते आजतागायत नीट सुरू झालेले नाही. दोघे मिळून एक दिवस आर.टी.ओ.त गेलो असतो तर ती वर्षानुवर्षांची मैत्री वाचली असती. आणि पुढे कधी काही घडलेच असते, तर कुबडीवर उभ्या असलेल्या त्या बाईला खऱ्या मालकाचे नाव पहिल्याच दिवशी कागदावर सापडले असते.

ताईंचे गिऱ्हाईक थांबायला कबूल झाले आहे. येत्या सोमवारी ताई, त्यांचा मोठा मुलगा आणि आम्ही सकाळच्या लोकलने चिंचवडला जाणार आहोत. रजेचा अर्ज आम्ही आजच टाकला आहे.

कळावे. जयभीम!